लख्खबाईनं पुसलेला स्फटिक

तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आमच्याकडे शोधून सापडलं नसतं. हातातलं काम संपलं की ती वस्तू दिव्यासमोर धरायची, एक डोळा मिटायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "झालं लख्ख." तेवढ्यावरून ती लख्खबाई झाली. हजेरीपटावर नाव असणारच, पण हजेरी घेणाराही "लख्खबाई?" असंच विचारायचा आणि ती "आहे" म्हणायची.

मी पिंजऱ्यावरचा माणूस. खाणीत माणसांना खाली-वर नेणारी जी लोखंडी लिफ्ट असते, तिला आम्ही पिंजरा म्हणतो, आणि जो कोणी एकदा तिच्यात बसला त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. आत उभं राहायचं, जाळीचं दार ओढायचं, मी घंटी द्यायची, वरच्या इंजिनवाल्यानं चाक सोडायचं. चार मिनिटांत एक किलोमीटर सरळ खाली. हे मी चौतीस वर्षं केलं. एवढा प्रवास करून हा माणूस कुठेही पोचला नाही, असं माझी बायको चारचौघांत सांगायची.

खाण बंद पडली तेव्हा आम्ही सगळे घरी बसणार हे ठरलेलंच होतं. तेवढ्यात कुठूनशी ती शास्त्रज्ञ मंडळी आली. त्यांना खनिजाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना खड्डा हवा होता. आकाशातून म्हणे सारखा कसल्या कसल्या कणांचा मारा चालू असतो, तो अडवायला डोक्यावर किलोमीटरभर खडक पाहिजे. खडक आमच्याकडे भरपूर. त्यांनी तळातलं एक दालन पांढरं रंगवलं, दारांना रबर लावलं, हवा गाळणारी यंत्रं बसवली आणि आमच्यातल्या चाळीस जणांना कामावर ठेवून घेतलं.

त्यातली मोठी वैज्ञानिक एक बाई होती. वयानं माझ्या मुलीएवढी. आम्ही तिला डॉक्टरबाई म्हणायचो. तिच्या वर एक मोठे सर होते, पण ते बहुधा परगावीच असायचे. पहिल्याच आठवड्यात खाली जाताना मी तिला विचारलं, "बाई, तुम्ही शोधताय तरी काय?"

"विश्व कशाचं बनलंय ते," ती म्हणाली. "काका, हे सगळे तारे, चंद्र, जमीन, हा पिंजरा, तुम्ही, मी, असं सगळं मिळून विश्वाच्या शंभर भागांतले फक्त पाच."

"आणि उरलेले?"

"माहीत नाही."

"शंभरातले पंच्याण्णव माहीत नाहीत?"

"नाहीत."

"मग तुम्हाला डॉक्टर कोणी केलं?"

ती इतकी हसली की जाळीला धरून उभी राहिली. मग तिनं नीट सांगितलं. त्या पंच्याण्णवातले पंचवीसेक भाग असे आहेत की तो पदार्थच आहे, त्याला वजन आहे, त्याच्या ओढीमुळेच तारे आपापल्या घोळक्यात टिकून राहिलेत. पण तो दिसत नाही, हाताला लागत नाही. आत्तासुद्धा तो या पिंजऱ्यातून आणि माझ्या पोटातून आरपार जातोय. मी म्हणालो, मला तर काही जाणवत नाही. ती म्हणाली, म्हणूनच स्फटिक.

स्फटिक म्हणजे काचेसारखा स्वच्छ, नारळाएवढा एक गोळा. तांब्याच्या डब्यात बंद करून ठेवायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्या न दिसणाऱ्या पदार्थाचा एखादा कण कधीतरी त्याला धडकेल आणि आत एक अगदी बारीक ठिणगी पडेल, ती यंत्रं टिपतील. अडचण एवढीच की तशीच ठिणगी साध्या वस्तूंनीही पडते. धुळीनं पडते, घामानं पडते. आपल्या अंगात पोटॅशियम नावाचं एक द्रव्य असतं, त्याचा अगदी थोडा अंश सतत तुटत असतो आणि तुटताना ठिणग्या पाडतो. केळ्यात तर ते भरपूर. त्यामुळे पिंजऱ्यात पाय ठेवण्याआधी आमचे डबे तपासून केळी काढून घेतली जायची. विश्वाचे पंच्याण्णव भाग कशाचे ते या लोकांना ठाऊक नाही आणि माझ्या डब्यातलं एक केळं मात्र बरोबर दिसतं, याचा मला राग यायचा. अजून येतो.

लख्खबाई आधी खाणीच्या धुलाईत होती. खाणकामगारांचे काळेठिक्कर कपडे धुण्यात तिची वीस वर्षं गेली. डॉक्टरबाईला स्वच्छता करणारी माणसं हवी होती, तेव्हा तिनं धुलाईतल्या सगळ्यांना तांब्याचा एकेक पत्रा दिला आणि पुसायला सांगितलं. सगळ्यांनी चमकवून परत केले. लख्खबाईनं परत केला नाही. ती म्हणाली, "याला अजून बोट लागलंय. कोणाचं ते माहीत नाही, पण आहे." यंत्राखाली धरला तेव्हा खरंच कोपऱ्यात अर्धा ठसा निघाला. तो खुद्द डॉक्टरबाईचा होता.

त्या दिवसापासून स्फटिकाच्या आसपासची प्रत्येक वस्तू तिच्या हातून जायला लागली. आधी आम्लाच्या पाण्यात बुडवायची, मग गाळून गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात सात वेळा, मग विशिष्ट कापडानं टिपायची. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर पट्टी, डोळ्यांवर बंद चष्मा, दर पंधरा मिनिटांनी हातमोजे बदलायचे. आत बोलायचं नाही, खोकायचं नाही, नाक खाजवायचं नाही. काम झालं की नोंदवहीत 'स्वच्छ' लिहून सही करायची. पुढे पुढे त्या सहीला एवढं वजन आलं की मोठे सरसुद्धा म्हणायचे, लख्खबाईनं पुसलंय ना, मग तिथे काही नाही.

आता तिचं घर. आमच्याच गल्लीत, दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली खाट आणि खाटेवर तिची आई. उजवं अंग लुळं पडलेलं, पण आवाज खणखणीत. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं तरी ऐकू यायचं, "अगं, पाणी! अगं, खिडकी लाव! अगं, कुठे मेलीस?" अकरा वर्षं. लख्खबाईनं लग्न केलं नाही ते या खाटेमुळे. विचारणारे दोघे येऊन गेले, त्यातला एक आमचा इंजिनवालाच होता. आईनं त्याच्या समोरच विचारलं, "आणि मला कोण उचलणार, तू?" तो बिचारा पुन्हा त्या गल्लीतून गेला नाही. थोरली बहीण लांब दुसऱ्या गावी, नवऱ्याच्या घरी. वर्षातून दोनदा यायची, आईचे केस विंचरायची, धाकटीला चार गोष्टी सुनवायची आणि निघून जायची.

लख्खबाई दिवसभर किलोमीटरभर खाली कोंडलेली, आणि वर आली की त्या दोन खोल्यांत. चारला पिंजरा वर यायचा, चार वाजून वीस मिनिटांनी ती घरात. मध्ये कुठे थांबणं नाही, बोलणं नाही. एकदा मी म्हणालो, "अगं, जरा बस की बाकावर, ऊन खा." ती म्हणाली, "भाऊ, शेजारीण साडेचारपर्यंतच बसते तिच्याजवळ." रोज सकाळी निघताना आई म्हणायची, आज जाऊ नकोस. रोज ती जायची. खाली जाताना मला सांगायची, "आज पण तेच."

त्या सकाळीसुद्धा तिनं हेच सांगितलं होतं.

त्या दिवशी स्फटिक बसवायचा होता. दोन वर्षांच्या तयारीनंतरचा दिवस. आणि अशा दिवसाचा एक कडक नियम होता: स्फटिक उघडा असेतोवर पिंजरा हलवायचा नाही. पिंजरा खाली उतरला की पुढची हवा ढकलत नेतो आणि तिच्याबरोबर जुन्या खाणीची धूळ बोगद्यात शिरते. म्हणून सकाळी सातला सगळ्यांना खाली सोडलं, मी रिकामा पिंजरा वर आणला आणि त्याला अडसर घातला. आता आतून डबा बंद झाल्याचा फोन येईपर्यंत खालचे बारा जण खालीच. कोणाला इजा झाली तरच पिंजरा सोडायचा.

सव्वादहाला माझ्या शेडमधला फोन वाजला. शेजारीण होती. लख्खबाईची आई गेली होती.

मी आधी सुरक्षावाल्या साहेबांकडे गेलो. म्हणालो, पिंजरा सोडतो, एक बाई वर आणायची आहे. त्यांनी विचारलं, "खाली कोणाला लागलंय?" मी म्हणालो, नाही. "मग?" मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. पण म्हणाले, "मृत्यू वर झालाय. खाली काही झालेलं नाही." अडसर काढायला माझेच हात पुरेसे होते, घंटी माझ्याच हातात होती, इंजिनवाल्यानं तर तिच्यासाठी नोकरीवर लाथ मारली असती. तरी मी परत शेडमध्ये येऊन बसलो. हे मी आजवर कोणाला फारसं सांगितलेलं नाही.

मग मी खाली फोन लावला. पांढऱ्या दालनाबाहेर कपडे बदलायची जागा असते, तिथे तो वाजतो. नशीब असं की तिनंच उचलला.

"बोला भाऊ. हातमोजे बदलायला आलेय, दोन मिनिटं आहेत."

मी म्हणालो, "तुझी आई गेली गं."

फोनमध्ये फक्त हवा गाळणाऱ्या यंत्राचा आवाज येत राहिला.

"कधी?"

"दहाच्या सुमाराला. शेजारीण होती जवळ."

"हाका मारल्या का तिनं?"

ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "नाही. झोपेतच गेली."

"बरं." मग, "स्फटिक उघडा आहे."

"माहितेय गं. साहेबांना विचारून आलो मी..."

"नको. आणि डॉक्टरबाईंना सांगू नका. सांगितलं तर त्यांचे हात थरथरतील, मग आज बंदच नाही व्हायचा. माझे नाही थरथरणार."

साडेतीनला डबा बंद झाल्याचा फोन आला. मी पिंजरा घेऊन खाली गेलो. अकरा जण आनंदात होते, कोणी कोणाच्या पाठीवर थापा मारत होतं, डॉक्टरबाई तर लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. लख्खबाई कोपऱ्यात जाळीकडे तोंड करून उभी होती. वर पोचेपर्यंतची ती चार मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी थोरली आली. गल्लीच्या टोकापासून रडत आली, खाटेवर अंग टाकून रडली, शेजारणींना धरून धरून रडली. लख्खबाई पाणी भरत होती, माणसांना बसायला जागा करत होती, खाटेखालचं पुसून घेत होती. शेवटचं सगळं उरकल्यावर थोरलीनं सगळ्यांच्या देखत म्हटलं, "अकरा वर्षं जिनं सांभाळलं म्हणता, तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. बघितलंत ना? सुटली एकदाची, म्हणून." लख्खबाईनं पाण्याची कळशी उचलली आणि आत गेली. गल्लीत मात्र ते वाक्य फिरत राहिलं. लोकांना तेवढंच पुरतं. पाण्याच्या नळावर बायका तिला वाट करून द्यायच्या, पण पूर्वीसारखं बोलायच्या नाहीत. थोरलीनं येणं बंद केलं, फोनसुद्धा घेईना.

पुढे कधीतरी बाकावर बसून ती मला म्हणाली, "भाऊ, थोरली खोटं नाही बोलली. फोन ठेवल्या ठेवल्या मला आधी तेच वाटलं. सुटले. बाकीचं नंतर." मी म्हणालो, अगं, कोणालाही वाटलं असतं. ती म्हणाली, "वाटलं असतं. पण नंतर रडू तरी यायला हवं ना? मला येतच नाही. मी प्रयत्न करून बघितला." आता घाई करायला घरी कोणी नव्हतं, तरी ती चार वाजून वीस मिनिटांनीच घरात असायची. पहाटे पाचला उठून रिकामी खाट झटकायची. मी म्हटलं, खाट काढून टाक. ती म्हणाली, मग मी झटकू काय?

असे चौदा महिने गेले. आणि एक दिवस खालच्या दालनातून डॉक्टरबाई धावत आली. पिंजऱ्यात शिरल्यावर तिला धड उभं राहवेना.

"काका, दिसतंय! रोज चार-पाच ठिणग्या जास्तीच्या. नेमक्या जिथे दिसायला हव्यात तिथे. पहिल्या दिवसापासून!"

"म्हणजे सापडलं?"

"अजून म्हणायचं नाही. पण बहुतेक."

तिनं सगळ्या शंका तपासल्या होत्या. यंत्रं तपासली, खडक तपासला. पोटॅशियमचीही शंका तिला आली होती, कारण त्याची ठिणगी साधारण तिथेच पडते. पण नोंदवही उघडली तर स्फटिकाच्या पानावर 'स्वच्छ' आणि खाली ती सही. तिनं वही मिटली. मोठे सर आले, पाहुणे यायला लागले. दोन महिन्यांनी जाहीर करायचं ठरलं. आणि आमच्या चाळीस जणांच्या जिवात जीव आला, कारण प्रयोगशाळेची मुदत त्या वर्षी संपत होती. काही सापडलं तर पुढची दहा वर्षं पक्की, नाहीतर कुलूप.

दुसऱ्या दिवशी लख्खबाई माझ्या शेडमध्ये आली. बसली नाही.

"भाऊ, ते विश्व नाहीये," ती म्हणाली. "ते मी आहे."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी फोन ठेवून ती आत गेली. तीनच्या सुमाराला शेवटचं झाकण बसवायचं होतं. चष्म्यात आतून वाफ धरली होती, स्क्रू दिसेना. चष्मा काढायला बाहेर जावं लागतं, पुन्हा सगळा पोशाख बदलावा लागतो, अर्धा तास जातो. तिनं चष्मा नुसता वर सरकवला, एक क्षणभर. तेवढ्यात स्फटिकावर पाण्याचा थेंब पडला.

"घामाचा?"

"घामाचा असेल. डोळ्यातला असेल. मला खरंच माहीत नाही, भाऊ. तोंड सगळं ओलं होतं. पडला एवढं खरं."

"मग पुसला नाहीस?"

"नुसतं पुसून जात नाही ते. स्फटिक काढायचा, धुवायचा, वाळवायचा. दोन दिवस उघडा राहिला असता, दोन दिवस पिंजरा हलला नसता. आणि आई वर तशीच... मी झाकण लावलं. वहीत स्वच्छ लिहिलं."

मी काय म्हणालो ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, गप्प बस. एवढ्याशा थेंबानं काय होतंय. आणि झालं असलं तरी तुला एकटीला काय पडलंय, चाळीस घरं आहेत, इंजिनवाल्याच्या धाकट्या पोरी शाळेत आहेत, माझी तीन वर्षं उरलीत. कोणाला कळणार आहे? विश्व काय उठून सांगायला येणार आहे का, की मी याचा बनलेलो नाही?

ती "बरं" म्हणाली. हेच 'बरं' मी आधी एकदा फोनवर ऐकलं होतं.

तीन आठवडे ती गप्प राहिली आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली. एकेक पत्रा चार-चार वेळा धुवायला लागली, आम्लानं बोटांची सालं निघाली. झाल्यावर दिव्यासमोर धरायची, पण लख्ख झालं म्हणायची नाही. पाहुणे तिच्याकडे बोट दाखवायचे, याच त्या बाई म्हणून. डॉक्टरबाई दिवसातून दहा वेळा तिला मिठी मारायची. वर गल्लीत तिच्याशी कोणी बोलत नाही आणि खाली सगळे तिला डोक्यावर घेतायत. तिला दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि दार मीच ओढून घेतलं होतं.

मग एका सकाळी पिंजऱ्यात आम्ही तिघंच होतो. जाळी लावली, घंटी दिली, पिंजरा सुटला. डॉक्टरबाईनं पिशवीतून कागद काढला.

"मावशी, हे बघा. आमचा शोधनिबंध. काम करणाऱ्या सगळ्यांची नावं असतात वर. शेवटचं नाव तुमचं घातलंय. मोठे सरही हो म्हणाले. तुमच्या हातांशिवाय हे दिसलंच नसतं."

लख्खबाईनं कागद हातात घेतला नाही. मी तिच्याकडे बघत होतो, ती माझ्याकडे बघत नव्हती.

"नाव काढा," ती म्हणाली.

"अहो, का?"

"माझ्यामुळेच दिसलं ते. माझं पाणी पडलंय त्याच्यावर."

मग राहिलेल्या तीन मिनिटांत तिनं सगळं सांगितलं. तारीख, वेळ, चष्मा, झाकण, कुठल्या बाजूला पडला ते. पिंजरा तळाला टेकला. मी जाळी उघडली. कोणी बाहेर पडलं नाही.

डॉक्टरबाई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती हातातला कागद घडी घालत राहिली, घडीवर घडी, अगदी लहान होईपर्यंत. मग म्हणाली, "तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत? आई गेल्याचं तरी?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?" लख्खबाईनं विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं. "पिंजरा हलवला असता?"

डॉक्टरबाईनं ती घडी मुठीत धरली. 'हो' म्हणून खोटं बोलली नाही, एवढं तिचं चांगलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मोठे सर आले, दालनात बंद दाराआड आरडाओरडा झाला. जाहीर करणं रद्द झालं. आणि आमच्यातल्या लोकांनी तिची जी दशा केली ती सरांनीही केली नसती. हजेरी घेणारा तिच्याशी बोलेना. कोणीतरी तिच्या कपाटावर कोळशानं घाणेरडं लिहिलं, ते तिनंच पुसलं, चांगलं पुसलं. मला लोक विचारायचे, तुला माहीत होतं का रे? मी नाही म्हणायचो. महिन्याभरात कुलुपाचं पत्र आलं. तरी डॉक्टरबाई अडून बसली की जाण्याआधी स्फटिक उघडायचा, खात्री करायचीच. उगाच एका थेंबावर ढकलून मोकळं व्हायचं नाही, ती म्हणाली, कदाचित त्या थेंबाखाली खरंच काही असेल.

ज्या दिवशी उघडला त्या दिवशी नियमाप्रमाणे पिंजरा हलणार नव्हता. या वेळी मी तो तळाला उभा केला आणि खालीच राहिलो. लख्खबाईला आत जायची बंदी होती. कपडे बदलायच्या जागेतल्या बाकावर आम्ही दोघं बसलो. समोर तो फोन. काचेतून आतली पांढरी माणसं दिसत होती, कोण कोण आहे ते मात्र ओळखू येत नव्हतं. नऊ वाजले, दहा वाजले. मी तिला म्हणालो, "त्या दिवशी मी पिंजरा सोडायला हवा होता." ती म्हणाली, "हो." आत स्फटिकावर एक डाग सापडला, शर्टाच्या बटणाएवढा, कडेला पांढरट रेघ. तो त्यांनी शुद्ध पाण्याच्या चार थेंबांनी उचलला आणि मोजायच्या यंत्रात घातला. जेवायची वेळ होऊन गेली. कोणाला भूक नव्हती.

अडीचच्या सुमाराला डॉक्टरबाई बाहेर आली. तोंडावरची पट्टी खाली ओढली. तिच्या गालांवर चष्म्याचे वळ उठले होते. ती आमच्यासमोर जमिनीवरच बसली.

"तोच आहे," ती म्हणाली. "सगळ्या जास्तीच्या ठिणग्या त्या थेंबाच्याच. हिशेब बरोबर जुळतो. बाकी तिथे काही नाही."

मी मान खाली घातली. चाळीस घरं, माझी तीन वर्षं, डॉक्टरबाईची या कामातली सात वर्षं, सगळं त्या बटणाएवढ्या डागात गेलं होतं.

"घामाचाच ना?" लख्खबाईनं विचारलं.

"अं?" डॉक्टरबाईचं लक्ष नव्हतं. "नाही. घामात पोटॅशियम एवढं नसतं, याच्या चौथ्या हिश्श्याएवढंही निघालं नसतं. हा डोळ्यातलाच आहे."

"चूक होते ना पण मोजण्यात?"

"तीनदा मोजलं, मावशी."

"म्हणजे नक्की?"

"नक्की."

लख्खबाई उठली. मला वाटलं बाहेर बोगद्यात जाते की काय. पण ती तिच्या कपाटापाशी गेली, आतून एक कोरा कागद आणि पेन घेऊन आली आणि डॉक्टरबाईपुढे धरला. तिचा हात थरथरत होता.

"हे मला लिहून द्याल?"

डॉक्टरबाईला वाटलं ती नोकरीला घाबरलीय. ती म्हणाली, "अहो, सरांशी मी बोलते, तुम्ही नका काळजी करू. आता तसंही कोणालाच..."

"सरांना नाही. थोरलीला पाठवायचंय. तुमची सही असली की विश्वास बसेल तिचा."

डॉक्टरबाईनं माझ्याकडे बघितलं. मग कागद मांडीवर ठेवला, पेनचं टोपण काढलं, वर तारीख घातली.

"काय लिहू?"

"बाकी काही नको," लख्खबाई म्हणाली. "लिहा की, रडली होती."